म्हातारपणी पाण्याचा तांब्या कोण देणार?



या पानावर आम्ही एरवी लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या अंकात मात्र उसाऐवजी ऊस लावणाऱ्या माणसाविषयी, त्यातही त्याच्या उतारवयाविषयी लिहावे असे आम्ही योजिले आहे. कारण साधे आहे. गटागटांतून फिरताना बांधावर गाठ पडते ती बहुतेक साठीच्या पुढच्या सभासदांशीच. नोंदीचा कागद पुढे केला की ते सही करतात आणि हळूच म्हणतात, "साहेब, सही माझी आहे, पण बिल आता पोराच्या खात्यावर जातंय." या एका वाक्यात पुष्कळ काही साठलेले आहे.

आपल्याकडे मुलगा झाला की म्हणतात, म्हातारपणाची काठी झाली. आणि मूलबाळ नसेल तर पहिला प्रश्न येतो तो हा, की शेवटी पाण्याचा तांब्या कोण देणार? म्हणजे म्हातारपणाची सगळी तरतूद आपण पिढ्यान्‌पिढ्या एका तांब्यात आणि एका काठीत मोजत आलो. हा हिशेब आता जुळतो का, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे. इतर देशांतल्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला आणि जाणत्यांनी अभ्यास करून काय सांगितले आहे, तेही पाहू.

घाटाखालची गोष्ट

दर साल २० मार्चला आपल्या कार्यक्षेत्रातून बरेच सभासद महाडला चवदार तळ्यावर जातात. एका वर्षी त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. महाबळेश्वर मागे टाकून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर लागते आणि पुढे सावित्रीच्या काठाने महाड. ऊस वर घाटावरच राहतो. खाली भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि डोंगराच्या कुशीत दहा-वीस घरांच्या वाड्या.

चवदार तळ्याचा इतिहास सभासदांना ठाऊक आहेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले असल्याचा ठराव केला. पण कागदावरचा ठराव ओंजळीत उतरला नव्हता. तो २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उतरवला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे तो वाद मिटला. पाणी हा उपकार नाही, हक्क आहे, एवढी गोष्ट पटवायला दहा वर्षे गेली.

तळ्याच्या पायऱ्यांवर त्या दिवशी आम्हाला म्हातारी माणसे पुष्कळ दिसली. कुणी नातवाचा हात धरून उतरत होते, कुणाला सून आधार देत होती. दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या बाजूला एका वाडीत गेलो. तिथे चित्र निराळे. पाच घरांना कुलूप, सहाव्या घरात एकटी म्हातारी. दोन मुलगे मुंबईला, मुलगी पनवेलकडे दिलेली. आम्ही विचारले, "मुलं बघत नाहीत का?" बाई लगेच म्हणाल्या, "पोरं वाईट न्हाईत, लांब हायत."

हे उत्तर आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. म्हाताऱ्यांचे हाल झाले की आपण ताबडतोब मुलांना नाहीतर सुनेला दोष देऊन मोकळे होतो. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरी भागात मुंबईला जाणे ही आवड नव्हती, पोटाची गरज होती. पाऊस धो धो, पण जमीन उतारावरची आणि तुकड्यांची. घरटी एक-दोन गडी गिरणीत, गोदीत नाहीतर नोकरीत. ते गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि मनिऑर्डर पाठवायचे. बायको गावी राहायची, तीच सासू-सासऱ्यांचे करायची. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला यायचा. अशी ती घडी होती. म्हणजे पैसा मुलाचा आणि सेवा सुनेची.

पुढे ही घडी मोडली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अनेकांची नोकरी कायमची गेली. ज्यांचे बस्तान मुंबई-ठाण्याकडे बसले त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी बायकोलाही नेले. गावी राहिले म्हातारे. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली, यावरून कोकणची कल्पना यावी. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, वीर स्टेशन जवळ आले, मोबाईल आला. आवाज रोज ऐकू येतो, पण रात्री उठून पाणी देणारा हात मात्र दीडशे किलोमीटरवर. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. तेव्हापासून पावसाळा आला की मुंबईतल्या मुलांच्या जिवाला घोर लागतो.

आपल्याकडे काय आहे?

कुणी म्हणेल, आपला मुलूख पाण्याचा, आपली पोरे घरीच आहेत, आपल्याला काय त्याचे? आमचा अनुभव निराळा आहे. आपल्याकडे अंतर मैलांचे नाही, वाटणीचे आहे. खातेफोड झाली की आई एका मुलाकडे आणि बाप दुसऱ्याकडे, किंवा दोघांची महिन्या-महिन्याची पाळी. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली तर आपण भांडतो, पण आई-बापाची पाळी चुकली तर बोलायला कुणी नसते.

आणि आपला ऊस तोडायला जी कुटुंबे येतात, त्यांच्या घरी काय असते याचाही विचार करावा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. हंगामाचे पाच-सहा महिने ती जोडी आपल्या फडात असते आणि गावी म्हातारा-म्हातारी नातवंडे सांभाळत असतात. म्हणजे ज्यांची काळजी घ्यायची तेच दुसऱ्यांची काळजी घेत बसलेले. आपल्या साखरेच्या प्रत्येक पोत्यात त्या म्हाताऱ्यांचेही श्रम आहेत, हे विसरून चालणार नाही.

अभ्यासक काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. महाराष्ट्रात दर शंभरांत सुमारे दहा. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. साठीच्या पुढचे बहुतेक लोक अजून मुलाबाळांत किंवा जोडीदारासोबत राहतात, पूर्ण एकटे राहणारे शंभरांत सहाच्या आसपास, असे त्यात दिसले. कुटुंब मोडले अशी ओरड करण्याचे कारण नाही. पण एकाच छपराखाली राहणे आणि काळजी घेतली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानी ठेवावे.

सारा लॅम्ब नावाच्या अमेरिकन विदुषी बंगालमधल्या एका खेड्यात राहिल्या आणि तिथल्या म्हातारपणावर त्यांनी पुस्तक लिहिले. ते २००० साली प्रसिद्ध झाले. तिथले लोक सेवेकडे देण्या-घेण्याचा व्यवहार म्हणून पाहतात. आई-बापांनी लहानपणी भरवले, धुतले, पुसले, ते ऋण. मुलगा-सून ते म्हातारपणी फेडतात. आपल्याकडेही हीच भावना आहे. फरक एवढाच की ऋण मुलाचे आणि फेडायला लागते सुनेला. जिने त्या घरचे दूध प्यायले नाही, तिनेच अंगण झाडायचे, पथ्य सांभाळायचे आणि बोलणीही खायची.

लॉरेन्स कोहेन या दुसऱ्या अभ्यासकाने काशीमध्ये काम केले. त्यांचे पुस्तक १९९८ चे. म्हातारे माणूस विसरू लागले, बरळू लागले की शेजारी म्हणतात, घरचे बघत नाहीत म्हणून असे झाले. दोष आजाराला न देता घराला दिला जातो. आपण तरी काय करतो? "साठी, बुद्धी नाठी" म्हणतो किंवा म्हातारचळ म्हणून हसतो. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साठीच्या पुढच्या शंभरांपैकी सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. एकच प्रश्न दहादा विचारणारा म्हातारा खोड्या करत नसतो, आणि त्याला सांभाळणारी सून निष्काळजी नसते. उसावर तांबेरा आला तर आपण शेतकऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवत नाही, औषध विचारतो. माणसाच्या बाबतीतही तसेच व्हावे.

परदेशांत काय केले?

जपानात जुनी दंतकथा आहे, की दुष्काळात म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन डोंगरावर सोडून यायचे. नागानो प्रांतात त्या नावाचा डोंगरही आहे. त्याच जपानात आज शंभरांतले जवळजवळ एकोणतीस लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. तिथेही सेवा करायची ती सुनेने, अशीच रीत होती. सुना थकल्या, नोकऱ्यांना लागल्या. तेव्हा सरकारने एप्रिल २००० पासून देखभालीचा विमा सक्तीचा केला. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाने वर्गणी भरायची. निम्मा खर्च वर्गणीतून, निम्मा करांतून. ज्याला गरज लागेल त्याने खर्चाचा किमान दहावा हिस्सा द्यायचा. गाडी येते, म्हाताऱ्यांना दिवसभरासाठी केंद्रावर नेते, आंघोळ, जेवण, व्यायाम होतो आणि संध्याकाळी घरी सोडते. म्हातारा घरचाच राहतो, पण सुनेला दिवस मोकळा मिळतो.

जर्मनीने असा विमा १९९५ साली सुरू केला. तिथे घरी आई-बापांचे करणाऱ्या माणसाच्या नावे निवृत्तिवेतनाची वर्गणीही ठराविक अटींवर भरली जाते. घरातली सेवा हेसुद्धा काम आहे, हे त्यांनी हिशेबात धरले. चीनमध्ये एकेका मुलावर दोन आई-बाप आणि चार आजी-आजोबा असा भार आला. तिथे जुलै २०१३ पासून लांब राहणाऱ्या मुलांनी आई-बापांची वरचेवर भेट घ्यावी असे कायद्यातच लिहिले. कायद्याने भेट घडेल, माया कशी घडणार, हा प्रश्न उरतोच.

आमच्या मते आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण केरळचे आहे. कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी काम सुरू केले. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच ते उचलले. गावातली साधी माणसे थोडे शिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात, नर्सला सोबत नेतात, वर्गणी गोळा करतात. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरणच केले. हे सहकाराचेच काम नव्हे काय? एकट्याला जे पेलत नाही ते दहा जणांनी मिळून पेलायचे, याच तत्त्वावर आपला कारखाना उभा आहे.

हातात काही राहू द्या

आता मुद्द्याचे. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. त्यातल्या गणपतराव बेलवलकरांनी आपले सारे मुलांना देऊन टाकले आणि मग डोक्यावर छप्पर राहिले नाही. नाटक पाहून डोळे पुसणारे आपल्यापैकी कित्येक जण प्रत्यक्षात तेच करतात. हयातीतच सातबारा मुलांच्या नावे, शेअर मुलाच्या नावे, बिल मुलाच्या खात्यावर.

याच्या उलट एक उदाहरण महाडच्याच मातीतले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले. कोकणात दापोलीला तेव्हा अशा लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. गोपाळबाबांनी पुढची वर्षे अस्पृश्यतेविरुद्ध लिहिण्यात आणि लोकांना जागे करण्यात घालवली. सरकारी पेन्शन हाती असल्यामुळे भाकरीसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहायचे कारण नव्हते. आपले चार पैसे हाती असले की म्हाताऱ्याच्या शब्दाला वजन राहते.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' अन्वये आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. वकील लावण्याची गरज नाही. नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो, आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत खर्च मंजूर होतो. मूल नसेल तर ज्याला इस्टेट मिळणार त्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते.

याच कायद्याचे कलम २३ प्रत्येक सभासदाने समजून घ्यावे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर दिले आणि नंतर सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येते. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. तिथे सांभाळण्याचे वचन लेखी होते. यावरून बोध असा, की तोंडी वचनावर जाऊ नये. बक्षीसपत्र करायचेच तर सांभाळण्याची अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करावे. ते आपल्या पश्चात लागू होते आणि हयातीत बदलताही येते.

लेकीचे काय?

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. बाबासाहेबांनी कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रखडले म्हणून १९५१ साली राजीनामा दिला. त्यातले बरेचसे कायदे पुढे १९५५-५६ साली तुकड्यातुकड्यांनी झाले. १९५६ च्या कायद्याने वृद्ध आई-बापांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही टाकली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी असल्याचा निर्वाळा दिला. जबाबदारी समान, मग हक्क? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. आपण मात्र तलाठ्याकडे हक्कसोड लिहून घेतो आणि बाप आजारी पडला की पहिला फोन लेकीला करतो. सही भावाच्या बाजूने आणि सेवा बहिणीने करायची, हा न्याय नव्हे.

आपण काय करू शकतो

१. शेअर, सातबारा आणि बँक खाते यांतले निदान एक तरी शेवटपर्यंत स्वतःच्या नावे ठेवावे. नवरा-बायको दोघांचे नाव असेल तर उत्तमच. मागे राहते ती बहुधा बाईच.

२. वारसनोंद वेळेवर करावी. ती केली म्हणजे हक्क सोडला असे होत नाही.

३. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या, पासष्टीच्या पुढच्या गरजूंसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे.

४. घरात म्हाताऱ्यांचे करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस मोकळा द्यावा. त्या दिवशी मुलाने करावे. बापाला आंघोळ घातल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

५. प्रत्येक गटात पाच-सहा सभासदांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करावी आणि पाळीपाळीने जावे. शेतकी मदतनीस बांधावर येतोच, त्याने नोंदीबरोबर घरच्या म्हाताऱ्यांची विचारपूस केली तर काही बिघडत नाही.

खोडव्याकडे दुर्लक्ष करू नका, असे आम्ही या पानावरून नेहमी सांगत आलो. पाचट आच्छादा, बुडखे छाटा, वेळेवर खत द्या, म्हणजे खोडवा लागणीच्या तोडीस तोड येतो. पण माणूस म्हणजे खोडवा नव्हे, त्याने काही पिकवले तरच त्याची निगा राखावी असे नाही. ज्याने उभी हयात रान भिजवले, त्याला शेवटी घोटभर पाणी हक्काने मिळाले पाहिजे.

पुढील अंकात आडसाली लागणीच्या बेण्याविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी